आंगरवाडीचे आंग्रे, हर्णैचे सरखेल

कोकणी माणसाचे आडनाव बहुधा त्याचा पत्ताच सांगते. चिपळूणकर, गुहागरकर, दाभोळकर, राजापूरकर ही माणसे पुण्या-मुंबईला गेली, बडोदा-इंदूरला गेली, पण गाव आडनावात बांधून घेऊन गेली. रत्नागिरीच्या किनाऱ्याने मोठे केलेले एक आडनाव मात्र उलट्या वाटेने आले. ते घाटावरचे होते. त्याच्या शेवटी ‘कर’ नाही आणि त्यात समुद्राचा मागमूसही नाही. खाऱ्या वाऱ्यावर वाढून ते इतके पसरले की अठराव्या शतकात लंडनच्या पुस्तकविक्यांच्या दुकानांतही ते छापून विकले जात होते. ते आडनाव म्हणजे आंग्रे.

मोरे, शिंदे, जाधव यांच्या मानाने हे आडनाव आजही विरळच आहे. अलिबाग आणि ग्वाल्हेर ही त्याची सर्वांना माहीत असलेली ठिकाणे. पण ते घडले दापोली तालुक्यातल्या हर्णैला, आणि त्याची सर्वांत मोठी पडझड झाली ती हर्णै ते विजयदुर्ग या पट्ट्यात. त्यामुळे या आडनावाचा इतिहास रत्नागिरीकडून पाहिला तर वेगळा दिसतो.

संकपाळांचे आंग्रे

या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातल्या आंगरवाडीवरून त्यांना आंग्रे म्हणू लागले. तुकोजी संकपाळ शहाजीराजांच्या आणि पुढे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. महाराजांनी आरमार उभे केले आणि किनाऱ्यावर विश्वासाची माणसे हवी झाली, तेव्हा तुकोजी सुवर्णदुर्गावर आले. त्यांचे पुत्र कान्होजी यांचा जन्म 1669 च्या सुमाराचा. त्यांचे बालपण हर्णैच्या आसपास गेले.

हर्णैच्या बंदरात उभे राहिले की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला अशी तीन ठाणी त्याच्या पाठराखणीला आहेत. या चार किल्ल्यांच्या मधल्या पाण्यात गलबते उभी राहत. भरती-ओहोटीच्या वेळा, खडकांच्या जागा, शिडात भरणाऱ्या वाऱ्याची दिशा हे ज्ञान ज्या वयात अंगात मुरते त्या वयात कान्होजी इथे होते. घाटावरच्या मराठा शिपायाचा मुलगा दर्यावर्दी झाला तो भंडारी, कोळी, खारवी आणि दालदी मंडळींच्या संगतीत.

संभाजी महाराजांच्या वधानंतरचा काळ कठीण होता. राजाराम महाराज जिंजीला गेले होते, मोगली फौजा स्वराज्यभर पसरल्या होत्या आणि जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या वतीने किनाऱ्यावरचे एकेक ठाणे दाबत होता. सुवर्णदुर्गालाही त्याचा वेढा पडला. किल्लेदार अचलोजी मोहिते शत्रूला मिळण्याच्या बेतात आहे हे कळताच तरुण कान्होजींनी त्याला कैद केले, किल्ला स्वतःच्या हाती घेतला आणि लढवला, अशी घराण्याची परंपरागत हकीकत आहे. एवढे खरे की त्या धामधुमीत सुवर्णदुर्ग टिकला आणि कान्होजींचे नाव किनाऱ्यावर झाले.

1698 च्या सुमारास मराठी आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले आणि आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. त्यांना ‘सरखेल’ हा किताब मिळाला. त्यांच्या मुद्रेत ते आपली ओळख तुकोजींचा पुत्र आणि सरखेल अशी करून देतात, म्हणजे बापाचे नाव आणि राज्याने दिलेले पद. आंग्रे हे आडनाव गाजवायला ते निघाले नव्हते. ते गाजवले त्यांच्या शत्रूंनी.

दस्तक

1713 च्या अखेरीस बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्यांच्यापुढचे पहिले मोठे काम होते ताराबाईंच्या पक्षात असलेल्या कान्होजींना शाहू महाराजांकडे वळवणे. दोघेही कोकणात वाढलेले आणि एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे लढाईऐवजी बोलणी झाली. तहात कान्होजींकडे दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी कायम झाली. त्या यादीत खांदेरी-कुलाब्याबरोबर सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, कनकदुर्ग आणि फत्तेगड होते, तसेच रसाळगड, पालगड, राजापूर, साटवली आणि खारेपाटण होते. आजचा रत्नागिरी जिल्हा आणि त्याला लागून असलेला सिंधुदुर्गाचा भाग किती मोठ्या प्रमाणात सरखेलांच्या हाती होता, हे ही यादी वाचली की कळते.

या पाण्यातून जायचे तर सरखेलांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. त्यासाठी पैसे भरायचे. ज्याच्यापाशी दस्तक नाही ते जहाज धरले जाई आणि माल जप्त होई. सगळे भांडण याच एका कागदावरून पेटले.

इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले. पण हिंदी महासागरात परवान्याची ही पद्धत आणली कोणी? सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आपला परवाना, ‘कार्ताझ’, आशियाई व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारत होते. ज्याच्यापाशी तो नसे त्याचे जहाज ते लुटत आणि बुडवत. मुंबईकर इंग्रजही स्वतःचे परवाने देत आणि इतरांनी ते मानावेत असा आग्रह धरत. आपल्या किनाऱ्यावर, आपल्या राजाच्या सनदेने तोच हक्क एका मराठी सरदाराने बजावला, तेव्हा मात्र तो चाचा ठरला. 1724 साली मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात पत्रव्यवहार झाला. फिप्सने लुटारूपणाचा आरोप केला. त्यावर कान्होजींच्या उत्तराचा आशय असा होता की सत्तेची हाव व्यापाऱ्यांच्या राज्यालाही सुटलेली नाही, जगाची रीत अशीच चालत आली आहे. या उत्तरात बचावाचा सूर कुठेच नाही. बरोबरीच्या राज्यकर्त्याने बरोबरीच्या राज्यकर्त्याला लिहावे तसे ते पत्र आहे.

या सत्तेमागचे बळ होते गुराब आणि गलबते. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, पुढे निमुळते होत गेलेले जहाज. त्याच्या तोफा नाळेवरून थेट समोर मारा करत. गलबत त्याहून हलके. शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे, त्यामुळे वारा पडला तरी ते थांबत नसे. दोन्हींना पाणी कमी लागे. युरोपी जहाजे खोल पाण्याला बांधलेली असत, ती खाडीच्या तोंडाशी येऊन अडखळत. आंग्र्यांची जहाजे मात्र मागाहून येऊन तोफा डागत आणि पाठलाग झालाच तर जयगडच्या, दाभोळच्या किंवा वाघोटनच्या खाडीत शिरत. रत्नागिरीचा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे आणि आंग्र्यांची सगळी युद्धनीती त्या खाड्यांवर उभी होती.

1712 साली कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज पकडले. त्यावर मिसेस चाऊन नावाची तरुण इंग्रज बाई होती. तिचा नवरा त्या झटापटीत मारला गेला. पुढल्या वर्षी तीस हजार रुपये खंडणी भरून तिची सुटका झाली. 1715 साली आलेला गव्हर्नर चार्ल्स बून याने आंग्र्यांना संपवण्याचा विडाच उचलला. 1717 ला विजयदुर्गावर आणि 1718 ला खांदेरीवर झालेले हल्ले फसले. 1721 ला इंग्लंडच्या राजाची जहाजे आणि पोर्तुगीजांची फौज कुलाब्यावर एकत्र चालून आली. पेशवे बाजीराव मदतीला धावले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले. 1724 ला डचांनी विजयदुर्गावर प्रयत्न करून पाहिला, तोही व्यर्थ गेला.

प्रत्येक अपयशाबरोबर मुंबईहून लंडनला जाणाऱ्या पत्रांत हे नाव मोठे होत गेले. आंग्रेचे ‘अँग्रिया’ झाले. 1737 साली क्लेमंट डाउनिंग या दर्यावर्दीने हिंदुस्थानातल्या लढायांवरचे पुस्तक लंडनमध्ये छापले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच ‘अँग्रिया द पायरेट’ आहे. इंग्रज ते नाव कधी माणसाचे म्हणून, कधी पदवी म्हणून वापरत. कान्होजी गेले, पुत्र आले, तरी त्यांच्या लेखी समोर उभा तो ‘अँग्रिया’च.

भावांची वाटणी

4 जुलै 1729 रोजी कान्होजी अलिबागेस निवर्तले. त्यांच्या मागे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी असे पुत्र होते. सेखोजी समंजस होते, त्यांनी घर एकत्र ठेवले. पण 1733 साली ते वारले आणि संभाजी व मानाजी यांचे हाडवैर उघडे पडले. 1735 साली बाजीरावांनी मध्ये पडून वाटणी केली. मानाजींना कुलाबा आणि ‘वजारतमाब’ किताब, संभाजींना ‘सरखेल’ किताब आणि सुवर्णदुर्गापासून दक्षिणेचा किनारा.

ही वाटणी रत्नागिरीच्या इतिहासातले मोठे वळण आहे. एका आरमाराची दोन झाली. उत्तरेचे आंग्रे पेशव्यांच्या आधाराने टिकले आणि दक्षिणेचे आंग्रे स्वतःच्या बळावर. पेशव्यांना घर फुटलेलेच सोयीचे होते, कारण दर्यावर त्यांच्यापेक्षा मोठी मराठी सत्ता असणे त्यांना परवडणारे नव्हते. त्याची किंमत पुढे वीस वर्षांनी चुकवावी लागली.

1740 च्या दशकाच्या आरंभी संभाजी वारले आणि तुळाजी सरखेल झाले. या माणसाविषयी आपल्याकडेही फार बरे लिहिले जात नाही. ते हट्टी होते, शेजारच्या सरदारांच्या मुलखात घुसत आणि पेशव्यांना खंडणी देत नसत. पण चिपळूण-गुहागरकडच्या माणसाने त्यांची दुसरी बाजू विसरू नये.

1727 साली महाशिवरात्रीला जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात याने चिपळूणजवळचे श्रीक्षेत्र परशुराम उद्ध्वस्त केले. निमित्त एका हत्तीचे. परशुरामला राहणाऱ्या ब्रह्मेंद्रस्वामींनी सावनूरहून सिद्दीसाठी आणवलेला हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी वाटेत धरला आणि सिद्दीने संशय स्वामींवर घेतला. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि तिथून त्यांनी शाहू महाराज, पेशवे, आंग्रे या सगळ्यांच्या मागे सिद्दीच्या पारिपत्याचा तगादा लावला. 1736 साली चिमाजीअप्पांच्या हातून सिद्दी सात मारला गेला. तरीही अंजनवेल आणि गोवळकोट ही वाशिष्ठीच्या मुखाची व काठाची ठाणी सिद्दीकडेच राहिली. ती घेतली तुळाजींनी, 1745 साली. अंजनवेलचे गोपाळगड आणि गोवळकोटचे गोविंदगड ही नावे त्या विजयानंतरची.

1755 आणि 1756

नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींचा प्रश्न मिटवायचे ठरवले, पण त्यांच्यापाशी पुरेसे आरमार नव्हते. त्यांचे सरदार रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी बोलणी केली आणि मार्च 1755 मध्ये करार झाला. समुद्रातून इंग्रज आणि जमिनीवरून पेशवे असे ठरले. जिंकलेल्या मुलखापैकी बाणकोट इंग्रजांना द्यायचे होते.

2 एप्रिल 1755 रोजी कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ जहाजावरून सुवर्णदुर्गावर तोफा डागू लागला. गोळ्यांनी किल्ल्यातल्या घरांना आग लागली, दारूचे कोठार उडाले आणि काही दिवसांत सुवर्णदुर्गासह किनाऱ्यावरची ठाणीही पडली. कान्होजींनी जिथून आरंभ केला ती जागा पेशव्यांच्या हाती आली. सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट कंपनीला मिळाले. तिने त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. कोकण किनाऱ्यावर मुंबईबाहेर कंपनीचा भूभागावरचा पाय पहिल्यांदा रोवला तो इथे, आजच्या मंडणगड तालुक्यात, आणि तो रोवायला मराठी राज्याच्या प्रधानाचा करार कामी आला.

पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. 1981 पर्यंत हा किल्ला रत्नागिरी जिल्ह्यातच होता. आता तो सिंधुदुर्गात आहे. तुळाजी तहाची बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले होते आणि तिथेच अडकले. किल्ला त्यांच्या नातलगाच्या हाती होता. मारा सुरू झाल्यावर एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकले होते. एकमेकांना बांधून ठेवलेल्या जहाजांतून आग पसरत गेली आणि काही तासांत आंग्र्यांचे आरमार भस्म झाले. 13 फेब्रुवारी 1756 ला किल्ला पडला. इंग्रजांनी मराठी फौजेला आत येऊ दिले नाही आणि सुमारे दहा लाखांची लूट आपसांत वाटून घेतली. विजयदुर्ग परत मिळवायला पेशव्यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेगळा तह करावा लागला.

तुळाजींचे उरलेले आयुष्य किल्ल्यांवरच्या कैदेत गेले. क्लाइव्ह आणि वॉटसन विजयदुर्गाहून मद्रासेकडे आणि तिथून बंगालला गेले. पुढल्या वर्षी जूनमध्ये प्लासीची लढाई झाली. कोकणातले जळीत आणि बंगालची गुलामी यांच्यात जेमतेम सोळा महिन्यांचे अंतर आहे. नानासाहेबांनी दिल्लीपर्यंत फौजा पाठवल्या, पण घरच्या दारातला दर्या परक्याच्या मदतीने मोकळा करून दिला. मराठी राज्याच्या इतिहासातली ही चूक मला पानिपताहून कमी वाटत नाही. पानिपतावरून राज्य दहा वर्षांत सावरले. समुद्रावर ते पुन्हा कधीच आंग्र्यांच्या उंचीला गेले नाही. विजयदुर्गावर नंतर धुळपांनी पेशव्यांचे आरमार सांभाळले आणि आनंदराव धुळपांनी 1783 साली इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज धरून पराक्रमही गाजवला, पण मुंबईला धाक बसेल असे बळ पुन्हा उभे राहिले नाही.

नाव उरले कुठे कुठे

सुवर्णदुर्ग पाडणारा जेम्स इंग्लंडला परतला, श्रीमंत झाला, कंपनीचा अध्यक्ष झाला. 1783 साली तो वारला. त्याच्या विधवेने पुढल्या वर्षी लंडनजवळच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ 63 फूट उंचीचा त्रिकोणी बुरूज बांधला. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. बुरूज आजही उभा आहे आणि लोकांना पाहायला खुला आहे. जिंकणाऱ्याने आपल्या विजयाचे स्मारक केले यात नवल नाही.

कुलाब्याचे आंग्रे 1840 च्या सुमारापर्यंत राज्यावर होते. नंतर औरस वारस नाही म्हणून कंपनीने ते संस्थान खालसा केले. एक शाखा शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरला रुजली. 1939 साली दा. गो. ढबू यांनी ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि घराण्याची कागदपत्रांतली हकीकत मराठीत आली. स्वतंत्र भारताच्या नौदलाने 1951 साली मुंबईच्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ नाव दिले. ज्या मुंबईच्या गव्हर्नरांनी हे नाव शिवीसारखे लिहिले, त्याच मुंबईत ते आरमाराच्या ठाण्यावर चढले. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राखाली प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार आहे. इंग्रजी नकाशांनी त्याला ‘अँग्रिया बँक’ म्हटले आणि शास्त्रज्ञ आजही तेच नाव वापरतात.

हे आडनाव गाजले, पण वाढले नाही. संकपाळांची कुळी कोकणात आणि घाटावर ठिकठिकाणी सापडते, आंग्रे मोजकेच. याचे कारण या घराण्याच्या सत्तेच्या घडणीत आहे. आरमार आंग्र्यांच्या नावाने चाले, पण ते चालवणाऱ्यांची आडनावे वेगळी होती. सुकाणूवर तांडेल, वल्ह्यावर खारवी आणि कोळी, तोफेवर भंडारी, गोदीत सुतार, शिडे शिवणारे, दोर वळणारे, दालदी नाखवे. हर्णै, दाभोळ, जयगड, पूर्णगड, मुसाकाजी या बंदरांत त्यांचे वंशज आजही नौका बाहेर काढतात. 1756 च्या आगीत यांचीच कामे, यांचीच जहाजे गेली. कोणत्याही बखरीने त्यांची यादी केली नाही.

म्हणून आंग्रे या नावाकडे मी एका कुटुंबाची मिरास म्हणून पाहत नाही. त्या नावाखाली रत्नागिरीच्या किनाऱ्याने तीन युरोपी सत्तांना पन्नास वर्षे आपल्या पाण्यात आव्हान दिले. ‘चाचा’ हा शिक्का परवाना नाकारणाऱ्यांनी मारला आणि आपण तो त्यांच्या पुस्तकांतून उचलला. आपल्या पाठ्यपुस्तकांत कान्होजींचे चार ओळींचे स्थान आहे, तुळाजींचे तर तेवढेही नाही आणि सुवर्णदुर्गाच्या पाडावात पेशव्यांचा वाटा काय होता हे मुलांना सांगितले जात नाही. ते सांगितले पाहिजे, आणि हर्णैच्या, अंजनवेलच्या शाळांपासून सांगायला सुरुवात केली पाहिजे. तिथल्या वर्गात बसलेल्या खारव्या-भंडाऱ्यांच्या मुलांना हे कळायला हवे की सरखेलांचे आरमार म्हणजे त्यांचेच पूर्वज होते.